कोणी वळवलं, कोण वळलं

फ्रान्समध्ये व्यवसाय-शिक्षणाच्या शाखेत बसलेल्या मुलाला ‘तू इकडे कसा आलास?’ असं विचारलं, तर अनेकदा उत्तर येतं, ‘ओं मा ओरिआँते’. आपण मराठीत म्हणू, ‘मला इकडे टाकलं’. कोणी टाकलं ते मराठी वाक्यात नाही आणि फ्रेंच वाक्यातही नाही. मराठीला कर्ता गाळण्याची सोय आहे. फ्रेंचला कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तिथे ‘ओं’ बसवलेला असतो. हा ‘ओं’ मूळचा लॅटिन ‘होमो’, म्हणजे माणूस. ‘माणसानं बोलायचं तरी कसं?’ या आपल्या वाक्यात जसा तो कुणीही असतो, तसाच तिथेही शब्द झिजत झिजत ‘कुणीतरी’ झाला. मुलाच्या आयुष्याचा एवढा मोठा निर्णय, आणि त्याचा कर्ता म्हणजे हा कुणीतरी.

परकी भाषा शिकवणाऱ्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ‘माझी शाळा आणि माझ्या पुढच्या योजना’ असा एक धडा असतोच. आपल्याकडे आठवी-नववीत संस्कृतऐवजी फ्रेंच घेणारी मुलं आणि फ्रेंचची ‘डेल्फ’ ही परीक्षा देणारी मोठी माणसंही त्यातून जातात. विषयांची नावं, व्यवसायांची नावं, भविष्यकाळाची रूपं, झाला धडा. बहुतेकांना तो रुक्ष वाटतो. मला तो फ्रेंचमधला सगळ्यात बोलका धडा वाटतो, कारण मुलाचं पुढे काय होणार हे कोण ठरवतं, याचा जुना हिशेब त्यातल्या शब्दाशब्दात नोंदलेला आहे.

‘ओरिआँतासिओं’ हाच शब्द घ्या. शाखेची निवड, मार्गदर्शन, प्रवेशाचा निर्णय, एवढं सगळं फ्रेंचमध्ये या एका शब्दात मावतं. लॅटिन ‘ओरिरी’ म्हणजे उगवणं आणि ‘ओरिएन्स’ म्हणजे उगवणारा, म्हणून पूर्व. ‘ओरिआँते’ या क्रियापदाचा जुना अर्थ पूर्वेला तोंड करून ठेवणं. मध्ययुगात चर्च बांधताना वेदी पूर्वेला येईल अशी आखणी करत, तिथला हा शब्द. पुढे तो नकाशाला लागला, वाट शोधणाऱ्याला लागला आणि शेवटी शाळकरी मुलांना लागला. आपल्या दिशांची नावंही अशाच उभ्या राहिलेल्या माणसावरून पडली आहेत. पूर्व म्हणजे समोरची, पश्चिम म्हणजे पाठीमागची, दक्षिण म्हणजे उजव्या हाताची. उगवतीकडे तोंड केल्याशिवाय ‘दक्षिण’ या शब्दाचा अर्थच लागत नाही. पण आपल्या चित्रातला माणूस आपल्या पायांनी उभा राहून वळलेला आहे. फ्रेंचमध्येही ‘झ मोरिआँत’, म्हणजे मी स्वतःला वळवतो, असं म्हणता येतं आणि वाट शोधणारा प्रवासी तसंच म्हणतो. शाळेत मात्र क्रियापदाचा प्रयोग बदलतो. मूल चर्चच्या भिंतीसारखं होतं, आखणी दुसऱ्याची.

याला इतिहास आहे. १८८२च्या कायद्यानं फ्रान्समध्ये सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं. १९३६ साली ही मर्यादा चौदावर गेली आणि १९५९ साली सोळावर नेण्याचं ठरलं. मूल तेराव्या वर्षी कारखान्यात किंवा शेतावर जात होतं, तोवर ‘कुठली शाखा?’ हा प्रश्न थोड्या घरांपुरताच होता. १९२८ साली मानसशास्त्रज्ञ आँरी पिएरों यांच्या पुढाकारानं पॅरिसमध्ये या मार्गदर्शनाची राष्ट्रीय संस्था निघाली, तेव्हा तिच्या नावात ‘व्यवसाय’ हा शब्द होता. शाळा संपवून कामाला लागणाऱ्या मुलाला त्याच्या जोगतं काम शोधून द्यायचं, एवढा तिचा विचार होता. १९७५ साली शिक्षणमंत्री रने आबी यांच्या कायद्यानं सगळ्या मुलांसाठी एकच ‘कोलेझ’ केलं. श्रीमंताचं आणि कामगाराचं मूल अकराव्या वर्षी वेगळ्या वाटांनी जायचं ते थांबलं. वाट फुटायची जागा मात्र नाहीशी झाली नाही, ती पंधराव्या वर्षावर सरकली. आता कोलेझच्या शेवटच्या वर्षी घरची मंडळी आपली पसंती लिहून देतात, शिक्षक, पालक आणि मुलांचे प्रतिनिधी बसतात त्या वर्गसभेत तिच्यावर मत दिलं जातं आणि मुख्याध्यापक निर्णय देतात. तो पटला नाही तर दाद मागता येते. ‘ओं मा ओरिआँते’मधला ‘कुणीतरी’ म्हणजे ही सभा.

फ्रेंचमध्ये या निर्णयाला दोन विशेषणं लागतात आणि वर्तमानपत्रांत ती जोडीनं भेटतात. एक ‘श्वाझी’, निवडलेली. दुसरं ‘स्युबी’, सोसलेली. ‘स्युबीर’चं मूळ लॅटिन ‘सुबिरे’, म्हणजे खालून जाणं, ओझ्याखाली वाकणं. ‘श्वाझीर’ मात्र लॅटिन नाहीच. तो जर्मानिक टोळ्यांबरोबर आलेला शब्द, मूळ अर्थ चाखून पाहणं. आपल्या संस्कृतातला ‘जुष्’, आवडीनं घेणं, रुचणं, हा धातू त्याच कुळातला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘श्वाझीर’ म्हणजे डोळ्यांना दिसणं, गर्दीतून नेमकं ओळखणं. निवडणं हा अर्थ मागाहून आला. आधी चाखलं, मग पाहिलं, मग निवडलं हा क्रम मला फार पटतो. पंधराव्या वर्षी यातल्या पहिल्या दोन गोष्टींना अवसर मिळाला नसेल, तर तिसरीला निवड म्हणणं कठीण आहे.

शाखेला फ्रेंच शब्द ‘फिलिएर’. त्यात ‘फिल’, म्हणजे धागा किंवा तार, आहे. सोनाराकडे तार बारीक करायला भोकं पाडलेली पोलादी पट्टी असते. मोठ्या भोकातून लहान, त्यातून आणखी लहान, अशी तार ओढत नेतात. फिलिएर म्हणजे मूळची ही पट्टी. मग सरकारी कारभारात पायरीपायरीनं वर जाण्याला ‘फिलिएर’ म्हणू लागले आणि तिथून शिक्षणाच्या शाखेला. आपल्याकडे ‘शाखा’ हा छापील शब्द. बोलताना माणसं विचारतात, ‘कुठल्या लाइनला गेला?’ ही ‘लाइन’ लॅटिन ‘लिनेआ’ची, आणि लिनेआ म्हणजे ‘लिनुम’चा, जवसाच्या झाडापासून काढलेला, धागा. फ्रेंच माणूस आणि मराठी माणूस मुलाच्या शिक्षणाविषयी बोलताना नकळत दोघेही सुताचंच नाव घेतात. फरक एवढाच की फिलिएरमध्ये ओढणारा हात आहे, लाइनमध्ये नाही. आपला हात क्रियापदात सापडतो. ‘मी कॉमर्स घेतलं’ आणि ‘मला सायन्सला घातलं’ यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच ‘श्वाझी’ आणि ‘स्युबी’त आहे.

शाळांच्या नावांपाशी मराठी विद्यार्थी हमखास अडखळतो, म्हणून ती सांगून टाकते. ‘कोलेझ’ म्हणजे आपलं कॉलेज नव्हे. तिथे अकरा ते पंधरा वर्षांची मुलं असतात. पुढची तीन वर्षं ‘लिसे’त. लिसे हे अथेन्सच्या बाहेरच्या लिकेओन या उपवनाचं नाव, जिथे अपोलोचं देऊळ होतं आणि ॲरिस्टॉटल शिकवत असे. नेपोलियननं १८०२ साली नव्या सरकारी विद्यालयांना ते दिलं. वर्गांची मोजणी उलटी आहे. कोलेझची सुरुवात सहावीनं, मग पाचवी, चौथी, तिसरी. लिसेत दुसरी, पहिली, आणि शेवटी ‘तेर्मिनाल’. आपण किती झालं ते मोजतो, ते किती उरलं ते मोजतात. उरलेल्याच्या टोकाशी ‘बाक’ ही परीक्षा आहे.

बाकचं पूर्ण नाव बाकालोरेआ. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘बाकालारिउस’ असा शब्द होता. त्याचं मूळ कुठलं यावर विद्वानांचं एकमत नाही. त्यातून फ्रेंच ‘बाशेलिए’ झाला, म्हणजे अजून स्वतःचा झेंडा न मिळालेला तरुण शिलेदार. इंग्रजीत तोच ‘बॅचलर’. आपल्या घरमालकांच्या तोंडचा बॅचलर आणि विद्यापीठाच्या पदवीतला बॅचलर, दोघेही अजून पुरता जम न बसलेले तरुण. पुढे पंडितांना या शब्दात ‘बाका लाउरी’, लॉरेलची फळं, दिसू लागली. विजेत्याच्या डोक्यावरची पानं पदवीला शोभतात, म्हणून स्पेलिंगच बदललं. व्युत्पत्ती चुकीची होती, पण शब्दावर ती कायमची चढली. १८०८च्या फर्मानानं बाक ही विद्यापीठाची पहिली पदवी ठरली आणि कायद्याच्या दृष्टीनं ती आजही तशीच आहे, जरी ती लिसेत मिळत असली तरी. १८०९ साली अवघे ३१ जण बाशेलिए झाले, सगळे मुलगे. १८६१ साली ल्यों शहरात झ्युली-व्हिक्त्वार दोबिए बाक झाल्या, तोवर एकाही स्त्रीला ते नाव लागलेलं नव्हतं. वय ३७. त्यांना कोणी ‘वळवलं’ नव्हतं. अनेक वर्षं अर्ज करून त्यांनी परीक्षेला बसण्याचा हक्क मिळवला होता.

बाक झाली की मुलाचं नावच बदलतं. तोवर तो ‘एलेव्ह’ असतो, विद्यापीठात गेला की ‘एतूदिआँ’. आपण दोघांनाही विद्यार्थी म्हणतो, विद्येची इच्छा धरणारा. फ्रेंचला हा फरक महत्त्वाचा वाटतो आणि तो व्याकरणाचा फरक आहे. एलेव्ह आला ‘एलव्हे’पासून, म्हणजे वाढवणं, पोसणं. चित्रकार किंवा शिल्पकार हाताखाली घेतो त्या मुलासाठी हा शब्द १७व्या शतकात इटालियनच्या वळणावर घडला. एलेव्ह म्हणजे कुणीतरी वाढवलेला. एतूदिआँ हे कर्तरी रूप, अभ्यास करणारा. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘स्तुदिउम’, म्हणजे ओढ, उत्कट आवड. अठराव्या वर्षी भाषा मुलाला कर्मपदावरून कर्तेपदावर आणते.

पण त्या उंबरठ्यावरच त्याला ‘व्हो’ भरावे लागतात. २०१८पासून बाकनंतरचे बहुतेक प्रवेश ‘पार्कूरस्यूप’ या सरकारी संगणकव्यवस्थेतून होतात. मुलानं हिवाळ्यात जास्तीत जास्त दहा व्हो नोंदवायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उत्तराची वाट पाहायची. व्हो म्हणजे इच्छा. नव्या वर्षाच्या शुभेच्छाही व्होच. मूळ लॅटिन ‘व्होतुम’. देवाला बोललेलं वचन, मागणं पुरं झालं की फेडायचं. थोडक्यात, नवस. इंग्रजीतून आपल्याकडे आलेलं ‘व्होट’ही तिथलंच, पण मतात जो अधिकार आहे तो नवसात नाही. नवस बोलणारा मागतो आणि थांबतो. पार्कूरस्यूपच्या आधीच्या व्यवस्थेत २०१७ साली काही अभ्यासक्रमांना जागांपेक्षा अर्ज इतके झाले की सोडत काढून प्रवेश दिले गेले. क्रीडाशास्त्र आणि मानसशास्त्राच्या इच्छुकांना त्याची झळ बसली. सोडतीला फ्रेंचमध्ये म्हणतात ‘सोर’ ओढणं, आणि सोर म्हणजे चिठ्ठी तशीच नशीबही, जसं आपल्या ‘भागा’तून ‘भाग्य’ आलं. मुलांचा संताप इतका झाला की ती व्यवस्था गेली. नवसाला चिठ्ठीनं उत्तर मिळावं, हे शब्दांच्या कुळाला धरून असेल. सतरा वर्षांच्या मुलावर तो अन्याय होता.

पार्कूरस्यूपमधला ‘पार्कूर’ म्हणजे धावून पार केलेली वाट. भिंतींवरून उड्या मारत पळण्याच्या खेळाचं नाव याच शब्दावरून पडलं. ‘कूर’ म्हणजे तास किंवा अभ्यासक्रम, तोही धावणं. ‘कोंकूर’ म्हणजे एकत्र धावणं. मोठ्या शिक्षणसंस्थांच्या, उदाहरणार्थ १७९४ साली निघालेल्या एकोल पोलितेक्निकच्या, प्रवेशपरीक्षेला कोंकूर म्हणतात, कारण तिथे किती गुण पडले याला फारसा अर्थ नाही, कितवे आलात याला आहे. ‘कारिएर’, आपलं करिअर, म्हणजे चाकांची वाट, रथांच्या शर्यतीचं मैदान. या सगळ्या धावपळीत एक शब्द थोडा मोकळा श्वास घेऊ देतो, ‘देबूशे’. शिक्षणानंतरच्या नोकरीच्या संधींना तो वापरतात. त्यात ‘बूश’, तोंड, आहे. अरुंद गल्लीतून एकदम मैदानात बाहेर पडणं.

परीक्षेच्या क्रियापदांत एक सापळा आहे. ‘पासे’ म्हणजे परीक्षेला बसणं, पास होणं नव्हे. ‘झे पासे ल बाक’ म्हणणाऱ्यानं परीक्षा दिली एवढंच कळतं. पास होण्याला ‘रेउसीर’, ज्याच्या मुळाशी बाहेर पडणं आहे, आणि नापास होण्याला ‘एशुए’, म्हणजे गलबत वाळूत रुतणं. रुतलेलं गलबत भरतीला पुन्हा तरंगतं. ‘नापास’मध्ये ती शक्यता नाही, म्हणून मला ‘एशुए’ हा शब्द आपल्या मुलांना द्यावासा वाटतो.

‘स्ताझ’ हा शब्द मला यांत सर्वांत हितकारक वाटतो. कोलेझच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक मुलानं आठवडाभर एखाद्या कामाच्या ठिकाणी जाऊन नुसतं पाहायचं असतं. बेकरी, दवाखाना, वकिलाचं कार्यालय, काहीही. २०२४पासून लिसेच्या पहिल्या वर्षातही दोन आठवड्यांचा स्ताझ आला. मूळ शब्दाचा अर्थ मुक्काम. कॅथेड्रलमध्ये नेमणूक झालेल्या धर्मोपदेशकाला त्या पदाचं उत्पन्न सुरू होण्याआधी काही काळ तिथे राहावं लागे, तो त्याचा स्ताझ. घराचा मजला या अर्थाचा ‘एताझ’ याच घरातला. आधी राहून पाहा, मग हक्क सांगा. ‘श्वाझीर’च्या जुन्या अर्थाला जागणारी ही एक प्रथा आहे. घरच्या ओळखी असलेल्या मुलाला स्ताझ चांगल्या जागी मिळतो आणि बाकीच्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात, ही तक्रार फ्रान्समध्ये दर वर्षी होते आणि ती खरी आहे.

पोटापाण्याच्या कामाला ‘मेतिए’. लॅटिन ‘मिनिस्तेरिउम’, सेवा. ‘मिनिस्तेर’ म्हणजे सेवक आणि त्यात ‘मिनुस’, कमी, लहान, आहे. त्याच्या समोर ‘मागिस्तेर’, ज्यात ‘मागिस’, अधिक, आहे, आणि त्यापासून फ्रेंच ‘मेत्र’, गुरू. विणकराच्या मागालाही फ्रेंच मेतिएच म्हणतात. कुठल्याही कामाला आदरानं नाव देणारा हा शब्द शिकवताना मी सुतार, नर्स, न्हावी, न्यायाधीश ही नावं मुद्दाम एकापुढे एक ठेवते.

आता क्रियापदांकडे, जिथे खरा जीव आहे. फ्रेंचमध्ये भविष्याला दोन शब्द. ‘फ्यूत्यूर’ लॅटिन ‘फुतुरुस’पासून आणि त्यातला ‘फु’ म्हणजे आपला ‘भू’ धातू; ‘भविष्य’ आणि ‘फ्यूत्यूर’ सख्खे चुलत भाऊ आहेत. दुसरा ‘आव्हनीर’, म्हणजे ‘आ व्हनीर’, येणारं. व्याकरणातल्या काळाला फ्यूत्यूर, पण मुलीच्या आयुष्याला आव्हनीर. तिच्या ‘भविष्या’त ज्योतिषी डोकावतो, आव्हनीरमध्ये नाही; आव्हनीर तिच्या दिशेनं चालत येत असतो.

भविष्यकाळाचं रूप मात्र एवढं निवांत नाही. ‘झ पार्लरे’, मी बोलेन. ही रूपं लॅटिनच्या उत्तरकाळात बोली भाषेत घडली. क्रियापदाच्या मूळ रूपाला ‘माझ्याकडे आहे’ हे क्रियापद चिकटलं. ‘पार्लर’नंतरचा ‘ए’ सोडवला तर मिळतं ‘बोलणं माझ्याकडे आहे’, म्हणजे मला बोलायचं आहे. आणि इथे मराठी विद्यार्थ्याला कुठल्याही इंग्रजी पुस्तकापेक्षा स्वतःची भाषा जास्त मदत करते. ‘मला सिनेमाला जायचंय’ ही इच्छा. ‘मला उद्या पाचला उठायचंय’ ही सक्ती. रूप एकच. म्हणून बाप जेव्हा मुलीला सांगतो, ‘तुला डॉक्टर व्हायचंय’, तेव्हा तो तिची इच्छा सांगतो आहे की तिला आज्ञा करतो आहे, हे व्याकरण सांगत नाही. फ्रेंच मात्र हे वेगळं करायला लावते. ‘झ द्वा’, मला भाग आहे. ‘झ व्ह’, मला हवं आहे. ‘झ व्हुद्रे’, मला आवडेल. एकाच ‘व्हायचंय’चे तीन तुकडे करून त्यातला आपला कोणता, हे मुलीला वाक्य उच्चारण्याआधी ठरवावं लागतं. त्या निवडीपाशी मुलं थांबतात, पेन खाली ठेवतात, एकमेकांकडे पाहतात, असं मी वर्गात पाहिलं आहे. फ्रेंच येत नाही म्हणून नव्हे. पुढचं मात्र सोपं जातं. ‘झ व्हुद्रे एत्र मेदसाँ’ म्हणताना व्यवसायाच्या आधी उपपद लागत नाही, आणि ‘मला डॉक्टर व्हायचंय’मध्येही लागत नाही. इंग्रजीतून विचार करणारा इथे हटकून चुकतो, मराठीतून विचार करणारा चुकत नाही.

पाठ्यपुस्तकांविषयी माझी एक मागणी आहे. योजनांच्या धड्यात डॉक्टर, इंजिनियर, पत्रकार, शेफ अशी तयार उत्तरं असतात, पण ‘झ न से पा आँकोर’, मला अजून माहीत नाही, हे उत्तर मात्र फार थोड्या पुस्तकांत उत्तर म्हणून छापलेलं दिसतं. त्यातलं ‘साव्हुआर’, जाणणं, हे क्रियापद लॅटिन ‘सापेरे’चं, चव लागण्याचं, म्हणजे ‘श्वाझीर’च्याच शेजारचं. तोंडी परीक्षेत हे उत्तर दिलं आणि त्यामागे दोन वाक्यांत कारण सांगितलं, तर परीक्षकाला ते पुरतं. तिथे वाक्य कसं बांधलं ते पाहतात, करिअर तपासत नाहीत. मी ते उत्तर पहिल्याच आठवड्यात शिकवते आणि मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घेते.